इजिप्तचा बेत आणि मधल्या खोलीचं माप

आंधळगाव, ता. मोहाडी
गुरुवार, दुपार

प्रिय रेणू,

बाबूजींचं पत्र आलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. कोणाला काही झालेलं नाही. तुझी आई धडधाकट आहे, माझा खोकला होता तिथंच आहे. पत्र लिहितो कारण फोनवर बोलायची सोय नाही. मी मागावर बसलेला असतो आणि तुझी आई माझ्यापासून दोन हातांवर चरखा घेऊन धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत असते. मी फोन उचलला की तिचा चरखा थांबतो, कान माझ्याकडे वळतात. आत्ता ती शकुंतलाबाईकडे नव्या धानाचे पोहे आणायला गेली आहे, तेवढ्यात लिहून घेतो. शाळेत गुरुजींनी शिकवलं तसं शुद्ध लिहायचा प्रयत्न करतोय, पण मध्येच आपली बोली आली तर तू मास्तरीण आहेस म्हणून लाल पेन घेऊन बसू नकोस.

विषय इजिप्तचाच आहे. गणपतीत नीलेश पुण्याहून आला, हातपाय धुतले, आणि पोह्याची प्लेट हातात घेऊनच म्हणाला, बाबूजी, जानेवारीत आपण चौघं इजिप्तला जाऊ. मी, आई, तुम्ही आणि रेणूताई. तिथं जानेवारीत छान ऊन असतं, नाईल नदी आहे, पाच हजार वर्षांचा इतिहास आहे. मी म्हटलं, उन्हासाठी इमानात कायले बसाचं? मे महिन्यात आपल्या अंगणात ये, इथंच पापड भाजून देतो. तो हसला. तुझी आईही हसली, आणि लगेच पदराला हात पुसत आत गेली. मला तेव्हाच खटकलं. ती अशी आत जाते तेव्हा तिला काहीतरी माहीत असतं.

आता तूच सांग, रेणू. ज्या पोरानं मला आजवर नागपूरचा अजब बंगला, तिथलं संग्रहालय, दाखवायला कधी नेलं नाही, त्याला अचानक मला परदेशी न्यायचा उमाळा काहून यावा? तोही कुठं, तर मेलेल्या राजांची थडगी पाहायला. मी हे तुलारामला सांगितलं. तुला आठवत असेल तुलारामकाका, शकुंतलाबाईचा मालक. चिखल्याच्या मँगनीज खाणीत तीस वर्षं जमिनीखाली काम करून निवृत्त झालेला माणूस. तो पोट धरून हसला. म्हणाला, खेमराजभाऊ, मी रोज खाली उतरो अन् रोज वर आलो का देवाले हात जोडो, तुमी हौसेनं उतरून राहिले? थेही मुडद्याच्या घरात? जाऊन या बाप्पा, अन् वर आले का मले फोन करा.

पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती दुसऱ्याच गोष्टीनं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावरून परत आलो तर नीलेश टेप घेऊन मधल्या खोलीचं माप घेत होता. विणताना पाय सोडतो त्या मागाच्या खड्ड्यापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून कपाटापर्यंत. तुझी आई टेपचं दुसरं टोक धरून उभी. मला पाहिलं आणि टेप सटकन आत गेला. मी विचारलं, काय चाललंय? नीलेश म्हणाला, काही नाही, असंच. रेणू, असंच कोणी माप घेत नाही. शिंपीसुद्धा असंच माप घेत नाही.

तुला चिंधूभाऊ आठवतो ना, आपल्या गल्लीच्या टोकाचा? त्याच्यासारखी कोशाच्या रेशमाची साडी विणणारा या गावात दुसरा नव्हता, मी धरून. दोन वर्षांमागे त्याच्या पोरांनी त्याला मोठ्या प्रेमानं दक्षिणेच्या तीर्थाला नेलं. रामेश्वर, कन्याकुमारी, सगळं. पंधरा दिवसांनी परत आला तर मागाचा खड्डा बुजवलेला, त्यावर पांढऱ्या टाइल्स, टाइल्सवर सोफा. मागाची लाकडं मागच्या कोठ्यात रचून ठेवलेली. पोरं म्हणाली, बाबूजी, आता आराम करा. आता तो त्या सोफ्यावर बसून टीव्ही पाहतो आणि बसल्याबसल्या त्याचे पाय मागाच्या पावड्या दाबल्यासारखे खालीवर होत असतात. त्याला स्वतःला ते समजत नाही. मी त्याच्याकडे जाणं बंद केलं आहे.

तर मी दोन आणि दोन चार केले. इकडे म्हाताऱ्याला उंटावर बसवायचं, तिकडे मिस्त्री बोलावून खड्डा बुजवायचा. पाणी कुठं मुरतंय ते मला समजलं, आणि मी सगळ्यांवर नजर ठेवू लागलो.

नजर ठेवली की किती दिसतं, बाप्पा! तुझी आई चालायचे बूट घेऊन आली. सुमित्राबाईच्या पायात बूट, लग्नाला अडतीस वर्षं झाली त्यात मी पहिल्यांदा पाहिले. ती ते घालून अंगणात दहा चकरा मारायची आणि मी आलो की काढून ठेवायची. मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन काहीतरी पाहत बसायची, दोन बोटांनी मोठं करून, चष्मा वर करून, खाली करून. मी उठलो की फोन पालथा. तुझा फोन आला की ती उठून परसात जायची, चिंचेखाली. आधी तुझ्याशी बोलताना हिचा आवाज चौकात ऐकू जायचा, आता एकदम कुजबुज. म्हणजे तूसुद्धा यात आहेस, हे मी तेव्हाच ताडलं. तू रोज संध्याकाळी मला खोकल्याचं विचारायचीस, मी मनात म्हणायचो, विचार माय, विचार, बापाला गोड बोलून गुंगव.

मी तुमच्या कोणाशी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी म्हटलं, यांना आपला डाव कळू द्यायचा नाही. मोहाडीला जाऊन फोटो काढले, नीलेशनं सांगितलं तिथं सही केली, पोलिस चौकशीला आला तेव्हा नीट उत्तरं दिली. दसऱ्यानंतर दोघांचे पासपोर्ट पोस्टानं आले. ते मीच सही करून घेतले, तुझी आई तेव्हा चक्कीवर दळायला गेली होती. ती आली, तिनं दोन्ही पासपोर्ट हातात घेतले, स्वतःचा फोटो पाहून म्हणाली, पोलिसाले पाहून भेलेली दिसतो मी. मग तिनं ते साडीच्या घडीत, पेटीत ठेवले. टूरवाल्याकडे देण्यासाठी दिवाळीनंतरच्या सोमवारपर्यंत ते तुझ्याकडे नागपूरला पोचवायचे होते. त्याच्या आत ते नाहीसे झाले.

तुला पुढचं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. तुझ्या आईनं घर उलटंपालटं केलं. पेटी रिकामी केली, गादीचा कापूस चाचपला, धानाची कोठी उपसली. नीलेश तिकडून फोनवर ओरडायचा, घरातून वस्तू जाते कुठं? मीपण शोधायला लागलो, रेणू. देवघरातले फोटो खाली काढून मागे पाहिले. कपाटाखाली टॉर्च मारून आडवा झालो. तुझी आई म्हणाली, राहू द्या, तुमाले खोकला येईल. आणि मी उठून मागावर जाऊन बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा माझ्या पोटाला टेकलेला होता.

हो. मीच घेतले होते. विणलेलं कापड ज्या लाकडी रुळावर गुंडाळत जातं, विणकराच्या पोटासमोरचा तो रूळ, त्याच्यावरच्या कापडात मी दोन्ही पासपोर्ट कागदात बांधून ठेवले आणि वरून एक फेरा दिला. मग विणत गेलो. जसजसं विणलं तसतसे वर फेरे चढत गेले. मला वाटलं, जगात यापेक्षा पक्की जागा नाही. मागाला या घरात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, तो नियम माझ्या आजापासून आहे. बायका कांड्या भरतील, सूत उकलतील, तुटका धागा सांधून देतील, पण मागावर बसणार नाहीत. जो माग वाचवायचा, त्याच मागानं स्वतःला वाचवावं, असं काहीतरी मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

आणि इथंच तुझा बाप फसला. तीन दिवस घर पालथं घालून झाल्यावर चौथ्या सकाळी ती कांड्या भरताभरता माझ्या कापडाकडे पाहत होती. म्हणाली, अजी, किनार सैल येऊन राहिली, रूळ पाहा एकडाव. मी म्हटलं, तू तुह्या कांड्या पाह्य. पण ती म्हणाली ते खरं होतं. रुळावर मधोमध फुगवटा आला की मधलं कापड ताणून बसतं आणि दोन्ही किनारी ढिल्या पडतात. चाळीस वर्षं विणणाऱ्या माणसाला हे समजू नये? समजत होतं. पण मनात चोर असला की हातातली विद्याही जाते. दुपारी मी जेवून हात धुवून आलो तेव्हा ती रुळाजवळ उभी होती, कापडावर हात ठेवून. त्या दिवसापासून तिनं शोधणं बंद केलं.

मला वाटायला पाहिजे होतं की हिला कळलं. पण मला काय वाटलं सांगू? वाटलं, हिनं शोधणं सोडलं म्हणजे यांचा आता दुसरा काहीतरी डाव आहे. शकाचा रोग असा असतो, माय. सोमवार निघून गेला. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर तिनं नीलेशला फोन करून सांगितलं, माहे गुडघे लई दुखून राहिले, आपलं जाणं रद्द कर. नीलेश चिडला, मग रडकुंडीला आला. तिनं फोन ठेवला आणि चरखा फिरवायला लागली. मी मनात म्हटलं, जिंकलो. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, हे तुला लिहिताना लाज वाटते.

पण चैन पडेना. कालच्या बाजाराला ती मोहाडीला गेली आणि फोन चार्जिंगला लावलेला तसाच विसरली. मी उघडला. दुसऱ्याचा फोन पाहू नये हे मला समजतं. तरी पाहिला, कारण मला या सगळ्याचा एकदाचा पुरावा पाहिजे होता. तुझ्या नावासमोर तिच्या आवाजाच्या पट्ट्याच पट्ट्या होत्या. मी एक दाबली.

तुझ्याकडे ते सगळं आहे, पण माझ्या कानानं मी ऐकलं ते लिहितो. ती म्हणत होती, रेणू, तू पाठवलेलं थे चित्र म्या मोठं करकरून पाह्यलं. दोघी बाया भुईवर बसल्या हायेत अन् विणून राहिल्या. कांड्या नाही भरून राहिल्या वं, विणून राहिल्या! चार हजार वर्षाच्या आंधी! मले थे भिंत एकडाव डोळ्यानं पाहाची हाय. मी चित्र शोधलं. डोंगरात कोरलेल्या थडग्याची भिंत, रंग उडालेला, आणि जमिनीवर आडव्या टाकलेल्या मागावर दोन बायका बसलेल्या. एकीचा हात धाग्यावर कसा ठेवला आहे ते पाहिलं, तो हात शिकलेला आहे. त्याच्यात माझ्यासारख्याला चूक काढता येत नाही.

पुढची पट्टी दाबली. नीलेश म्हन्ते का कपाट हालवलं तं एक माग बसते. लोखंडाचा, बसून चालवाचा, माह्या गुडघ्याले खड्डा नोको म्हनून. तुह्या बाबूजीच्या मागाले हात नाही लावाचा, त्याच्या बाजूले ठेवाचा. पन आंधी थे भिंत पाहून येऊ, मंग त्याहीले सांगू. आत्ताच सांगतलं तं थे हासतीन.

रेणू, मी हसलो होतो. तुला हे माहीत नसेल, तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं एकदा विचारलं होतं, मले शिकवान का? मी मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, तू विणायला बसशील तर कांड्या कोण भरणार, माझा बाप? बाप शेजारीच बसला होता, तोही हसला. ती पण हसली. त्यानंतर तिनं मला कधी काही मागितलं नाही. साडी नाही, दागिना नाही, माहेरी जायचं असलं तरी मीच विचारीपर्यंत थांबायची. मी गावात सांगायचो, माझी बायको लई समाधानी आहे. आणि तू अकरा वर्षांची असताना मी नसताना मागावर बसलीस, आठ धागे तोडलेस, तेव्हा मी तुझ्यावर केवढा खेकसलो होतो. ते आठ धागे हिनं बसून सांधून दिले होते. मी नंतर सांधे शोधले, मला सापडले नाहीत. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की हा हात कशाचा आहे. कळलं नाही, असंही म्हणवत नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

शेवटची पट्टी त्या चौथ्या दिवसाची होती. रेणू, पासपोर्ट कुठी हायेत थे मले समजलं. घरातच हायेत. तू बाबूजीले काही इचारू नोको. त्याहीले कशाचं तरी भेव वाटून राह्यलं असंन. जाऊ दे. एवढंच. आवाजात राग नव्हता. मी ती पट्टी तीनदा ऐकली, राग कुठं सापडतो का ते पाहायला. राग सापडला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आज सकाळी ती बाजूला बसलेली असतानाच मी उभ्या धाग्यांचा ताणा ढिला केला आणि रूळ उलटा फिरवायला लागलो. एकेक फेरा उकलत गेला. वरचं सगळं कापड बिघडलेलं आहे, मधे ताणलेलं, किनारींना लाटा. अशी साडी मी आयुष्यात विणली नव्हती. शेवटच्या फेऱ्यात कागदाची पुडी निघाली. मी ती खिशात घातली. तिनं मान वर केली नाही, चरखा थांबला नाही. हातातली कांडी भरून झाल्यावर म्हणाली, च्या मांडू का? मी म्हटलं, मांड. चहा घेतला, कप ठेवला, आणि ती पोहे आणायला जाते म्हणून निघाली. मला आता वाटतं, मला एकटं बसता यावं म्हणूनच गेली. पण मी कोणाबद्दल काही ताडणं आता सोडायला पाहिजे.

तर रेणू, पत्र यासाठी. या पाकिटात दोन्ही पासपोर्ट आहेत. नीलेशला सांग, बाबूजीनं लपवले होते, माझ्यासाठी तू उगाच झाकाझाकी करू नकोस, आणि जानेवारी हुकला असेल तर फेब्रुवारीतली तारीख मिळते का पाहा म्हणावं, ऊन वाढायच्या आत. माग येऊ दे, कपाट मी स्वतः हलवतो. पण आईला तू विचार, मी विचारणार नाही. मी विचारलं तर ती हो म्हणेल. अडतीस वर्षं ती मला हो म्हणत आली आहे, त्या हो मध्ये तिचं किती असतं हे मला ओळखता येत नाही. तू विचार, आणि नाही म्हणायला तिला जागा ठेव. मला सोबत न्यायचं की नाही, हेही तिलाच ठरवू दे. फक्त रेणूसोबत जाते म्हणाली, तर तुम्ही दोघी जा, त्या भिंतीसमोर तिला पाहिजे तितका वेळ उभं राहू दे, आणि माझा पासपोर्ट परत पाठवून दे. मला वाईट वाटणार नाही, असं लिहिणार होतो. पण आता खोटं कायले लिहू? वाटेल. लई वाटेल. तरी तिला जाऊ दे, माय.

जवाईबापूंना नमस्कार.

तुझाच, शकानं आंधळा झालेला,
बाबूजी